झिंडेलफिंगेनचा हद्दपार सम्राट

शनिवारी सकाळी पोहे खाऊन झाले की देवदत्त टिपणीस जेवणाचं टेबल पुसून घ्यायचा, त्यावर नऊ दिवाळी अंक ओळीने मांडायचा, लाल पेन्सिलीला टोक काढायचा आणि लोकांच्या कविता खोडायला बसायचा. त्या कविता छापून वर्षं लोटली होती. ज्या अंकांत त्या होत्या त्यांचा संपादक तो आता नव्हता. ज्या मंडळाचे ते अंक होते ते मंडळ तिथून चारशे किलोमीटरवर, ड्युसेलडॉर्फला होतं. तरी तो खोडायचा. एकदा खोडलेली कविता पुढच्या महिन्यात पुन्हा वाचून पुन्हा खोडायचा, कारण पहिल्या खोडण्यात त्याला म्हणे घाई दिसायची.

"अहो, त्या बिचाऱ्यांना किती वेळा माराल?" त्याची बायको मालिनी समोरची बशी उचलत विचारायची.

"संपादन कधी संपत नसतं."

"संपादन नसेल संपत. संपादक संपतो."

पोटाची नोकरी मात्र शाबूत होती. मोटारीचं दार आपोआप कधी कुलूपबंद व्हावं हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरची तो चाचणी करायचा. पंधरा वर्षं हे काम त्याने ड्युसेलडॉर्फच्या एका जपानी कंपनीत केलं. २०१९ साली कंपनीने तिथलं ऑफिस आवरलं आणि अकरा माणसांना जर्मनीच्या दक्षिणेत झिंडेलफिंगेनला टेबलं दिली. बाकीच्या दहांनी घरं शोधली, मुलांच्या शाळा बघितल्या, नवीन गावाला नावं ठेवली आणि रुळले. देवदत्तने या बदलीला 'हद्दपारी' म्हटलं. हा शब्द त्याला एका जपानी माणसाने दिला होता, आणि तो चेष्टेत दिला होता हे त्याच्या कधी लक्षात आलं नाही.

निरोपाच्या दिवशी तानाबे-सान नावाचा त्याचा वयस्क सहकारी त्याला नूडल्स खायला घेऊन गेला. या तानाबे-साननी दहा वर्षं जेवणाच्या सुट्टीत मराठी मंडळाच्या भानगडी ऐकल्या होत्या. कोणी कोणाची कविता का परत केली, अध्यक्ष कसा अरसिक आहे, सगळं. वाटीतला रस्सा संपवून ते म्हणाले, "टिपणीस-सान, आमच्याकडे आठशे वर्षांपूर्वी एक सम्राट होऊन गेला. गो-तोबा. मोठा कवी. बंड केलं, हरला, एका बेटावर हद्दपार झाला. तिथे बसून तो आपल्याच जुन्या कवितासंग्रहातल्या कविता काढून टाकत राहिला. मला तुमची आठवण येईल तेव्हा त्याचीही येईल." एवढं बोलून ते तोंडावर हात धरून हसले. देवदत्तला हसू दिसलं नाही. त्याला 'सम्राट' एवढंच ऐकू आलं.

घरी येऊन त्याने मालिनीला सांगितलं.

"काय नाव म्हणालात?"

"गो-तोबा."

"तोबा तोबा," मालिनी म्हणाली आणि खोक्यांना चिकटपट्टी लावू लागली.

झिंडेलफिंगेनला आल्यावर त्याने लायब्ररीतून जर्मन पुस्तकं आणली आणि मराठीत सम्राटाचं चरित्र लिहायला घेतलं. असा विषय मिळाला की माणूस आपलीच हजामत करत बसतो आणि आरशाला इतिहास म्हणतो. देवदत्तचंही तेच झालं.

आता या गो-तोबाचं आयुष्य काय होतं? तो सम्राट झाला तेव्हा त्याचं वय होतं तीन. थोरला सावत्र भाऊ, तोही पोरवयातला सम्राट, त्याला त्याच्या आजोळच्या सरदारांनी पळवून पश्चिमेकडे नेलं होतं. जाताना राजचिन्हंही नेली होती, तलवारीसकट. राजधानीत गादी रिकामी. आजोबांनी दोन नातवंडं बोलावली. असं सांगतात की मोठं पोर आजोबांना बघून रडलं आणि हे हसत मांडीवर चढलं, म्हणून हे सम्राट. देश चालवायला एवढी पात्रता त्या काळी पुरत असे. आजही पुरते. भाऊ पुढे समुद्रात बुडाला आणि तलवारही त्याच्याबरोबर तळाला गेली. बिनतलवारीच्या या सम्राटाने मग जन्मभर तलवारींचा नाद केला. देशभरचे लोहार बोलावून स्वतः भट्टीपाशी बसायचा. घोडदौड, तिरंदाजी, पोहणं, पायाने चेंडू उडवणं, वीणेसारखं वाद्य वाजवणं, सगळं त्याला यायचं. एवढं सगळं येणाऱ्या माणसाला गप्प बसणं तेवढं येत नाही. अठराव्या वर्षी त्याने गादी आपल्या लहान मुलाच्या गळ्यात घातली आणि 'निवृत्त सम्राट' म्हणून मागून कारभार हाकू लागला. खरी सत्ता पूर्वेकडच्या कामाकुरातल्या लष्करी सरदारांकडे होती. याच्याकडे कविता होत्या. त्याने दरबारात कवितेची कचेरी उघडली, कवी नेमले, दोन हजारांच्या आसपास कवितांचा संग्रह करवला, आणि संग्रह पुरा झाल्याची मेजवानी झाल्यावरही वर्षानुवर्षं त्यात घाल-काढ करत राहिला. नेमलेले संपादक कंटाळले असतील. पण सम्राटाला कोण सांगणार?

देवदत्तची निवडही अशीच झाली होती. २००९ च्या वार्षिक सभेत मंडळाच्या 'ऱ्हाइनकाठ' या दिवाळी अंकाला संपादक हवा होता. सगळ्यांनी भराभर नकार दिले. देवदत्तच्या तोंडात अख्खा साबुदाणा वडा होता. तो गिळेपर्यंत ठराव झाला.

पण वडा गिळला आणि सत्ता अंगात भिनली. त्याने कविता परत पाठवायला सुरुवात केली. त्यात चूक नव्हती. कविता खरंच वाईट होत्या. बर्फ पडतो, आई आठवते. आई आठवते, बर्फ पडतो. अधूनमधून एखादा पुणेकर प्राजक्त आणायचा आणि जर्मन पाइनवृक्षाशी त्याचं लग्न लावायचा. देवदत्त अशा कवितेच्या कवीला दोन पानी पत्र लिहायचा, आणि दरवर्षी पहिल्या पानावर स्वतःची कविता छापायचा, तिच्यातही बर्फ असायचाच. फक्त त्याच्या बर्फाला 'अस्तित्वाचं मौन' म्हणायचे. म्हणजे तोच म्हणायचा.

त्या नऊ वर्षांत त्याच्या हाताला एकच खरी कविता लागली. अनिमेष नावाचा एक पीएचडी करणारा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, अबोल. त्याची अकरा ओळींची कविता सुपरमार्केटातल्या, रिकाम्या बाटल्या परत घेऊन पैसे देणाऱ्या यंत्राबद्दल होती. म्हातारा एक बाटली आत सारतो, यंत्र ती बाहेर ढकलतं, म्हातारा पुन्हा सारतो. मागे रांग वाढते. कोणी काही बोलत नाही. एवढंच. आई नाही, बर्फ नाही. देवदत्तने ती वाचली आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. मग त्याने अनिमेषला साहाय्यक संपादक केलं. ते त्याच्या आयुष्यातलं एकुलतं एक चांगलं संपादकीय काम. पुढे त्याने त्याचंही काय केलं ते बघण्यासारखं आहे.

२०१८ च्या उन्हाळ्यात मंडळाचा अध्यक्ष शिरीष याने ठरवलं की यापुढे अंक छापायचा नाही, पडद्यावर पानं उलटणारा करायचा, आणि निम्मी पानं मुलांच्या चित्रांना द्यायची. शिरीष सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. त्याला कविता आवडत नव्हत्या आणि तो तसं सरळ सांगायचा, म्हणून लोकांना तो आवडायचा. देवदत्तने बंड पुकारलं. सगळ्या एकशे चाळीस सभासदांना त्याने ईमेल पाठवलं: अध्यक्षांना पायउतार करा, मराठी अक्षर वाचवा. त्याला खात्री होती की संध्याकाळपर्यंत गाव पेटेल.

गो-तोबालाही हीच खात्री होती. चाळिशीत त्याने फर्मान काढलं की कामाकुराच्या कारभाऱ्याला धडा शिकवा. सम्राटाचा शब्द म्हटल्यावर पूर्वेचे सरदार आपल्या बाजूला धावत येतील असं त्याला वाटलं. ते धावत आले, पण लढायला. महिन्याभरात राजधानी पडली. तेव्हा या थोर पुरुषाने काय केलं? विजेत्यांना कळवलं की हे माझं काम नाही, माझ्या माणसांनी परस्पर केलं. असंही सांगतात की त्याच्यासाठी लढून हरलेले वीर शेवटचं रण द्यायला त्याच्या वाड्यापाशी आले, तर त्याने दार उघडलं नाही. दुसरीकडे जा, म्हणून सांगितलं. पुढे त्याच्या कितीतरी दरबाऱ्यांची डोकी उडाली. त्याला बेट मिळालं. जाण्यापूर्वी त्याने स्वतःचं चित्र तेवढं काढून घेतलं.

देवदत्तच्या बंडाला महिनाही लागला नाही. विशेष सभा भरली. मराठी अक्षर वाचवण्यावर एक शब्द झाला नाही. कारण देवदत्तने एकशे चाळीस पत्ते सगळ्यांना दिसतील अशा रकान्यात घातले होते. डाटेनशुट्झचा, म्हणजे लोकांची माहिती जपण्याचा नवा कायदा लागू होऊन जेमतेम महिना झालेला. सभासद नीताचा जर्मन नवरा, ज्याला मराठीत फक्त 'नमस्कार' आणि 'अजून भात' येतं, तो हातात मंडळाची घटना घेऊन उभा राहिला. घटनेत स्पष्ट होतं: पत्त्यांची यादी विनापरवानगी वापरणाऱ्याला दहा वर्षं मंडळात कुठलंही पद नाही. हा गुन्हा सगळ्यांना कळत होता.

"अंकाच्या मेलबॉक्सचा पासवर्ड कोणाकडे होता?" शिरीषने विचारलं.

"माझ्याकडे आणि अनिमेषकडे," देवदत्त म्हणाला. मग पाणी प्यायला. मग म्हणाला, "मी फक्त कच्चा मजकूर लिहिला होता. पाठवलं अनिमेषने. मला न विचारता."

अनिमेष तिसऱ्या रांगेत होता. तो देवदत्तकडे बघत राहिला. त्याला वाटलं असावं की वाक्य अजून पुरं व्हायचं आहे. वाक्य पुरं झालं होतं. जर्मनीतल्या फेराइनमध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या मंडळात, बोललेलं हवेत विरत नाही. त्याचा प्रोटोकोल, म्हणजे इतिवृत्त होतं, त्यावर सह्या होतात आणि ते फायलीत जातं. अनिमेषचं नाव फायलीत गेलं.

त्याच संध्याकाळी सात वाजता अनिमेष टिपणिसांच्या दारात आला. देवदत्त दाराच्या मागेच उभा होता.

"देवदत्तदादा आहेत?"

मालिनीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

"झोपलेत रे," ती म्हणाली.

बाहेर लख्ख ऊन होतं. अनिमेष "बरं, वहिनी" म्हणाला आणि जिना उतरून गेला. पुढे तो डार्मश्टाटला नोकरीला लागला, उपग्रहांवर नजर ठेवायच्या. कविता त्याने पुन्हा लिहिली नाही, असं ऐकिवात होतं. देवदत्तला संपादकपद सोडावं लागलंच, पण 'वैयक्तिक कारणाने'. निरोपाच्या फोटोत तो मधोमध आहे.

तर असा हा झिंडेलफिंगेनचा सम्राट. पाच वर्षांत त्याच्या लाल पेन्सिलीतून तीनशे बारा कवितांपैकी सतरा वाचल्या. गो-तोबाने बेटावर मरेपर्यंत अठरा वर्षं हेच केलं, चारशेच्या आसपास कविता काढल्या, आणि त्याला कोणी परत बोलावलं नाही.

देवदत्तला बोलावलं. २०२४ च्या वसंतात, एका रविवारी सकाळी, शिरीषचाच फोन.

"काय रे, जिवंत आहेस का? मंडळाला पंचवीस वर्षं होतायत. निवडक कवितांचं पुस्तक काढायचंय. छापील, बाबा, छापील. जुन्या अंकांच्या फायली तुझ्याच डिस्कवर आहेत, आमच्याकडे कोणाकडे नाहीत. तूच कर संपादन. अंकही घे परत. सभेत निवडून देतो."

"आणि ते... जुनं?"

"तुझं काय त्यात? मी प्रोटोकोल काढून बघितला. तुझं रेकॉर्ड साफ आहे. गेनाऊ, अगदी म्हणूनच तर तुला विचारलं."

फोन ठेवल्यावर देवदत्त स्वयंपाकघरात आला आणि बायको-मुलीला त्याने सांगितलं की मला परत बोलावलं आहे. ऊर्जा, त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी, लॅपटॉपवरून मान न काढता म्हणाली, "शोन, पापा. आबर वेअर लीस्ट दास?" छान, पण वाचणार कोण? तिला बापाचं मराठी सगळं कळायचं, आणि बापाची किंमतही.

आता पुस्तकात घ्यायचं तर प्रत्येक कवीची लेखी संमती हवी. सतरा कवींना, त्यात स्वतःलाही, देवदत्तने संमतीपत्रं पाठवली. सोळा आठवड्याभरात सह्या होऊन आली. काहींनी बरोबर नव्या कविताही जोडल्या, बर्फाच्या. सतरावं, डार्मश्टाटहून, महिन्याने पोस्टाने आलं. त्यावर सही होती. सहीखाली चार ओळी.

'देवदत्तदादा, कविता घ्या. माझी एकच विनंती आहे. त्या सभेच्या प्रोटोकोलमध्ये मेल कोणी पाठवलं ते दुरुस्त करून घ्या. बाकी मला काही नको. अनिमेष.'

देवदत्तने कागद दोनदा वाचला आणि बशीखाली ठेवला. मालिनीने बशी उचलली.

"मग? घ्या करून दुरुस्त. दुरुस्तीचा अर्ज असतो ना? इथे कशाचाही असतो."

"अगं, तुला कळतंय का? दुरुस्त केलं की दहा वर्षं मला लागतात. मी चौसष्टचा होईन."

"आणि ते पोर सहा वर्षं भोगतंय, ते?"

"त्याला पद हवंच कुठे होतं!"

"तुम्हाला हवंय ना? मग पदाचं बघा. पण मला एक सांगा, सतरा कवितांमध्ये चांगली कुठली?"

त्याने तो कागद घडी करून खिशात टाकला.

"नऊ वर्षं माझं डोकं खाल्लंत. मालिनी, ही ऐक, मालिनी, ही कविता. मला कवितेतलं कळत नाही, पण ती बाटली मला पाठ आहे. आल्झो, तर मग ठरवा." आणि मग बशी हातात तशीच धरून, आवाज खाली आणून ती म्हणाली, "दारात खोटं मी बोलले होते, तुम्ही नाही. ते मी रोज वागवते."

देवदत्त दोन शनिवार टेबलापाशी नुसता बसून होता. मालिनीला वाटलं, माणूस झगडतोय. उगाच तिने त्याला चहाही दोनदा करून दिला. तिसऱ्या शनिवारी त्याने पेन्सिलीला टोक काढलं, बाटलीची कविता समोर घेतली आणि सावकाश, संपादकाच्या नजरेने वाचली. सातव्या ओळीत लय जराशी सैल आहे, असं त्याच्या लक्षात आलं. शेवटही तसा अर्धवटच. समाजभान आहे, पण ते वरवरचं. हे इतकी वर्षं आपल्याला दिसलं कसं नाही, याचं त्याला खरोखर आश्चर्य वाटलं. त्याने कविता खोडली. या वेळी खोडण्यात घाई अजिबात नव्हती.

गो-तोबाबद्दल काहीही म्हणा, बेटावर त्याने कविता काढल्या त्या संग्रह चांगला व्हावा म्हणून. एवढं तरी त्याच्या नावावर आहे.

सभा जूनमधल्या शनिवारी दुपारी होती, ड्युसेलडॉर्फच्या एका चर्चच्या सभागृहात. चाळीसेक माणसं आली. मालिनीही आली. तिची वर्गणी चालू होती, तीही सभासद होती, आणि तिला नीताला भेटायचं होतं. गाडीत चार तास ती खिडकीबाहेर बघत होती. देवदत्तने नवा कुडता घातला होता.

शिरीषने गमतीजमती करत विषय मांडला. सोळा कवितांची यादी भिंतीवर दिसू लागली. पहिलं नाव देवदत्त टिपणीस. प्रोटोकोल लिहायला ईप्सिता नावाची मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती. मत घेण्यापूर्वी शिरीषने रीतीप्रमाणे विचारलं, "काही प्रश्न?"

शिवांगी नावाची एक नवीन विद्यार्थिनी उभी राहिली. "सर, मी जुने अंक वाचले, नीतामावशींकडे होते. त्यात एक बाटलीच्या यंत्राची कविता आहे. ती यादीत नाही? मला तर तीच सगळ्यात आवडली."

देवदत्त पाणी प्यायला.

"चांगली आहे," तो म्हणाला. "आम्ही विचारलं होतं. कवीने परवानगी दिली नाही."

"ओह. शाडं," शिवांगी हळहळली आणि खाली बसली.

ईप्सिताच्या बोटांचा आवाज आला. ती लिहून घेत होती: परवानगी कवीने नाकारली.

"तर मग मत घेऊ," शिरीष म्हणाला. "देवदत्त टिपणीस, संपादक. बाजूने?"

हात वर झाले. ईप्सिताने मोजले. अडतीस.

"विरोधात?" शिरीषने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढचा कागद उचलला.

"एक आहे," ईप्सिता म्हणाली.

माना मागे वळल्या. शेवटच्या रांगेत मालिनीचा हात वर होता. शिरीष मोठ्याने हसला. "वहिनी! घरातलं भांडण घरी मिटवा हो! चार तास गाडीत काय केलंत?"

सभागृह हसलं. देवदत्तही हसला, सगळ्यांपेक्षा थोडा जास्त वेळ. मालिनी हसली नाही आणि तिने हातही खाली घेतला नाही.

"काकू, कारण लिहायचं का?" ईप्सिताने विचारलं. "म्हणजे, लिहायलाच हवं असं नाही. नुसता आकडा पुरतो."

मालिनीने नवऱ्याकडे पाहिलं. तो हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून मान हलवत होता, अगदी बारीक, दुसऱ्या कोणाला कळू नये इतकी.

"लिही," मालिनी म्हणाली. "सावकाश सांगते."